तान्ह्याचे रडणे आणि आपले वाचन

तान्हे मूल रडू लागले की घरातील प्रत्येकापाशी त्या रडण्याचा अर्थ तयार असतो. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या आमच्या यवत परिसरात तो साधारणपणे असा असतो: आजी म्हणते, दृष्ट लागली. आत्या म्हणते, अंगावरचे दूध पुरत नाही. शेजारीण म्हणते, पोटात वारा धरला. आजोबा काहीच म्हणत नाहीत, उठून ओट्यावर जाऊन बसतात. एकाच आवाजावर तीन अर्थ लावले जातात आणि त्यांपैकी जो सर्वांत अधिकारी माणसाने सांगितला तो खरा ठरतो. ज्या बाईच्या मांडीवर मूल रडत असते तिला काय वाटते, हे विचारण्याचा प्रघात नाही. वाङ्मय शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांना हे दृश्य परके वाटू नये. संहिता बाजूला राहावी आणि भाष्यकाराचा अधिकारच अर्थ म्हणून नांदावा, हे आपण वर्गातही पुष्कळदा पाहतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, नवजात बालकाच्या रडण्याचे आपण फार वाईट वाचन करतो. त्याची किंमत बाळंतीण मोजते, कधी कधी मूलही मोजते. आणि या वाईट वाचनात मराठीच्या आम्हां अध्यापकांचा वाटा वाटतो त्याहून अधिक आहे.

काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर तान्ह्याच्या रडण्याला अभिधा नाही आणि लक्षणाही नाही. आहे ती केवळ व्यंजना. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची जी यादी दिली आहे तीत प्रकरण, देश, काल, लिंग म्हणजे खूण, हे सारे येते. रडण्याच्या बाबतीत एवढाच आधार हाती असतो. शेवटचे पाजून किती वेळ झाला, लंगोट ओला आहे काय, दिवस आहे की तिन्हीसांज, मूल मूठ चोखते आहे की पाय पोटाशी ओढून घेते आहे, डोळे चोळते आहे की मान फिरवते आहे. आवाजात अर्थ थोडा, आवाजाभोवती पुष्कळ. त्याच भर्तृहरीने असेही मानले होते की, नवजात अर्भकाची वागिंद्रियांची पहिली हालचालदेखील कोणी शिकवल्यावाचून, जन्मजात शब्दभावनेतून होते. या मताकडे आपण दार्शनिक कल्पना म्हणून पाहात आलो. परंतु २००९ साली कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ नवजात मुलांचे रडणे ध्वनिमुद्रित करून तपासले. त्यांत तीस मुले फ्रेंच घरांतील होती, तीस जर्मन. फ्रेंच मुलांच्या रडण्याचा स्वर चढत जाणारा आढळला, जर्मन मुलांचा उतरत जाणारा. आणि त्या त्या भाषेच्या बोलण्याचा ढंगही तसाच आहे. जन्मून चारदोन दिवस झालेले मूल आईच्या पोटात असताना ऐकलेल्या भाषेच्या चालीवर रडते. भर्तृहरीचे म्हणणे सिद्ध झाले असा दावा कोणी करू नये (अलीकडे असले दावे फार होतात), पण रडणे म्हणजे केवळ गोंगाट नव्हे एवढे तरी मान्य व्हावे.

मराठीला हे ठाऊक होते. आपल्या भाषेत रडण्याला किती शब्द आहेत ते पाहावे. मूल किरकिर करते, पिरपिर करते, रिरी करते, मुसमुसते, हमसते, कळवळते, टाहो फोडते, भोकाड पसरते, आकांत मांडते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी घालता येत नाही. किरकिरणाऱ्या मुलाला झोप हवी असते, कळवळणाऱ्याला काही दुखत असते आणि भोकाड पसरायला मूल थोडे मोठे व्हावे लागते, कारण त्यात समोरच्याला ऐकवण्याचा हेतू असतो. ही वर्गवारी कोणा कोशकाराने केलेली नाही. रात्री जागणाऱ्या बायकांनी केली.

काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी यवतच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेल्या होत्या. रडणाऱ्या मुलासाठी कोणती ओवी म्हणता, असा प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत होता. एका वृद्ध बाईंनी उलट विचारले, "कंचं रडं? भुकेचं, झोपंचं, का निस्तं रडायचं?" विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेतले, पण प्रकल्पाच्या पक्क्या प्रतीत 'निस्तं रडायचं' याचे 'निरर्थक रडणे' झाले. शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो बदल निर्दोष होता. अर्थाच्या दृष्टीने मात्र तेथेच सारे हातचे गेले, कारण 'निस्तं रडणं' हा निरर्थकपणाचा शेरा नव्हे. त्या बाईंच्या ज्ञानातील तो तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रकार होता. पोट भरलेले, अंग कोरडे, दुखतखुपत काही नाही, तरीही मूल रडते. का? तर रडायचे वय आहे म्हणून.

हीच गोष्ट वैद्यकाने फार उशिरा लिहून ठेवली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी मातांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. निरोगी मुलांचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाकाठी पावणेतीन तासांपर्यंत पोहोचते आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरते, असे त्यांना दिसले. संध्याकाळी ते अधिक असते. आपल्याकडे तिन्हीसांजेला मूल रडले की दिवेलागणीची बाधा म्हणतात. ती बाधा बॉस्टनच्या परिसरातही होत होती. रोनाल्ड बार आणि इतरांनी पुढे कालाहारीतील कुंग सान लोकांच्या मुलांचा अभ्यास केला. ही मुले जवळजवळ अखंड अंगावर असतात आणि त्यांना घडोघडी पाजले जाते. त्यांच्याही रडण्याला पहिल्या महिन्यांतला तो चढ होताच. पाश्चात्त्य मुलांइतक्याच वेळा ती रडत. फरक एवढाच की त्यांचे प्रत्येक वेळचे रडणे आखूड होते. म्हणजे रडण्याचा ऋतू कोणाला चुकत नाही. कडेवर घेणारे हात असतील तर तो सुसह्य होतो.

आता आमच्या वाट्याच्या चुकीकडे वळू. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल रस मान्य केला, हे आपण पदव्युत्तर वर्गात सांगतो. बालक हे आलंबन, बालकाच्या चेष्टा हे उद्दीपन, आलिंगन-चुंबन-रोमांच हे अनुभाव, असे फळ्यावर लिहितो आणि पाळणागीतांचा तास सुरू करतो. पण त्याच विश्वनाथाने या रसाच्या संचारी भावांत हर्ष आणि गर्व यांच्याही आधी अनिष्टशंका घातली आहे. मुलाचे काही बरेवाईट तर होणार नाही ना, ही धास्ती. ती आपल्या टिपणांतून गळाली. उरले ते गोडगोड मातृत्व. मराठी पाळण्याचा प्रकार तर पाहता पाहता बारशाच्या समारंभाचा झाला. त्यातले बाळ राम असते, कृष्ण असते, शिवाजी असते. ते अवतारकार्यासाठी आलेले असते आणि सहसा रात्री दोन वाजता किंचाळत उठत नाही. ज्या गीतप्रकाराचा जन्म न झोपणाऱ्या मुलासाठी झाला, त्यात न झोपणारे मूलच आपल्याला दिसेनासे झाले.

ओवी या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या एकत्र केल्या. पुढे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांचा संग्रह आता 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतो. या ओव्या चाळताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की गाणारी बाई त्या वेळी दळत असते. पहाट झालेली नसते, दळणाचा भार समोर असतो. अंगाईची संथ, पुन्हापुन्हा तेथेच येणारी चाल मुलाला झोपवते हे खरे, पण ती बाईलाही जागे ठेवते, तिचा श्वास आणि हात एका लयीत बांधते. रडणारे मूल हातात असताना माणसाला सर्वांत आधी कशाची गरज असते, तर स्वतःचा तोल न जाऊ देण्याची. अंगाई हे आधी आईने आईला शांत करण्याचे साधन आहे, असे आमचे मत झाले आहे. या मताला रसचर्चेत जागा कोठे द्यायची ते विद्वानांनी ठरवावे.

आषाढी वारीसाठी दर वर्षी येथून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा यवतला मुक्काम असतो. गावाची पिठले-भाकरी खाऊन वारकरी दुसऱ्या दिवशी वरवंडचा रस्ता धरतात. त्या रात्री भजनांत विठ्ठल हा आई असतो आणि भक्त हे लेकरू. लेकराने हाक मारायची, माउलीने धावत यायचे. हे रूपक इतके आपल्या अंगवळणी पडले आहे की त्यातली गृहीतके दिसत नाहीत. त्या माउलीला झोप लागत नाही, तिची पाठ दुखत नाही, तिला टाके पडलेले नसतात. आदर्शाचा देव करणे ठीक. पण तोच आदर्श वीस वर्षांच्या बाळंतिणीला मोजपट्टी म्हणून लावला की काय होते ते आम्ही आमच्या विद्यार्थिनींच्या चेहऱ्यांवर पाहतो.

सर्वांत घातक वाचन दुधाचे आहे. मूल रडते, म्हणजे भुकेले आहे. पाजूनही रडते, म्हणजे दूध पुरत नाही. म्हणजे आईत काही कमी आहे. या तर्काला उत्तर देणे बिचारीला शक्य नसते, कारण अंगावरचे दूध मापात दिसत नाही. आपल्याकडची मुले मुळात लहान चणीची जन्मतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाच्या अभ्यासात सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो आढळले, तर ज्या इंग्लिश मुलांशी तुलना केली त्यांचे साडेतीन किलो. त्यामुळे 'किरकोळच आहे पोर' हा शेरा पाळण्यापाशी ठेवलेलाच असतो. त्यात रडण्याची भर पडली की बाटली येते, पावडर येते. बाटली आली की स्तनपान कमी होते, स्तनपान कमी झाले की दूध खरोखरच आटते, आणि आत्याबाईंचे भाकीत खरे ठरते. प्रत्यक्षात मूल दिवसभरात सहाएक वेळा लघवी करीत असेल, वजन घेत असेल, तर दूध पुरते आहे. हा पुरावा लंगोटांत असतो आणि लंगोट कोण धुतो हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे अर्थ लावण्याचे साधन पुन्हा आईच्याच, किंवा तिच्या आईच्या, हाती आहे. १९९२ च्या 'बालदूध पर्याय' कायद्याने पावडरच्या जाहिरातींना आळा घातला. घरातल्या घरात होणाऱ्या जाहिरातीला कोणता कायदा घालणार?

औषधांबद्दल थोडे. वेखंड, मुरडशेंग, सुंठ, जायफळ उगाळून दिलेल्या बाळगुटीविषयी आमच्या पिढीच्या मनात हळवेपणा आहे. 'बाळकडू' हा शब्द तर आपण भाषणांतून फार वापरतो. परंतु पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे आजचे वैद्यक सांगते आणि त्याला कारणे आहेत. शांत मूल म्हणजे बरे असलेले मूल, हे समीकरण तर इतिहासात फार महागात पडले आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत, याच्या नोंदी १९२० च्या दशकातील अहवालांत आहेत. त्या बायांना दोष देणे सोपे आहे. दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे आणि मूल चाळीत ठेवायचे, तर रडे थांबवण्याचा दुसरा कोणता मार्ग त्यांना ठेवला होता? आजही गळिताच्या हंगामात आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीच्या सावलीत साडीच्या झोळीत मूल असते आणि फडात आई कोयता चालवत असते. त्या मुलाच्या रडण्याला कोणी उत्तर द्यायचे, हा प्रश्न वात्सल्याचा नाही, मुकादमाच्या उचलीचा आहे.

न रडणे हे रडण्याहून गंभीर असू शकते, हे नीट ऐकले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात मुलांची काळजी घ्यायला शिकवले. त्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. ते निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीच्या अध्यापकांनी त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. जंतुसंसर्ग ओळखण्याच्या त्यांच्या लक्षणांच्या यादीत 'आधी नीट असलेले रडणे क्षीण झाले किंवा थांबले' आणि 'आधी नीट असलेले चोखणे क्षीण झाले किंवा थांबले' ही लक्षणे आहेत. 'आधी नीट असलेले' हे कोण सांगणार? आईच. जिच्या मताला ओट्यावर किंमत नव्हती, तिच्या ऐकण्याला येथे निदानात स्थान मिळाले. दोन पाठांची तुलना करून बदल टिपणे, पाठचिकित्सा म्हणतो आपण ज्याला, ती ही बाई रोज करीत असते. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरच्या २००१ च्या अहवालाला बंग यांच्या गटाने 'कोवळी पानगळ' हे नाव दिले होते. अहवालाला असे नाव द्यावेसे वाटणे हीही वाङ्मयाचीच एक बाजू आहे. असो.

मग मुलाला शांत कसे करावे? यात नवे काही सांगण्याजोगे नाही आणि तेच बरे आहे. उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून घ्यावे. पाजून झाल्यावर खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. अंधार करावा, एकसुरी आवाज ठेवावा, हळू झोके द्यावेत, मूल अंगावर घेऊन फेऱ्या माराव्यात. हंझिकर आणि बार यांनी १९८६ साली पाहिले की, मूल रडत नसतानाही त्याला रोज काही तास जास्त वागवले, तर सहाव्या आठवड्यातले रडणे ४३ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या काही अभ्यासांत, फार रडणाऱ्या मुलांच्या बाबतीत, तसा गुण आला नाही; तेव्हा हाही रामबाण नव्हे. सगळे करूनही मूल रडतच राहील, असे दिवस येतात. तेव्हा ते दुसऱ्याच्या हाती द्यावे. दुसरे कोणी नसेल तर त्याला सुरक्षित जागी उताणे निजवून पाच मिनिटे अंगणात जावे. याने आईपण उणे होत नाही. रागाच्या भरात तान्ह्याला गदगदा हलवले तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाच मिनिटे रडल्याने काही होत नाही. ताप, अंग गार पडणे, दूध ओढणे सोडणे, छाती आत ओढली जाणे, रडे मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र घरातील भाष्ये ऐकत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

'दुसऱ्याच्या हाती' हा शब्दप्रयोग आम्ही विचारपूर्वक केला आहे. यवत स्थानकावरून दौंडकडे निघाले की खुटबाव आणि मग केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुलीबायकांसाठी 'मुक्ती' उभे केले. रमाबाईंना आपण बायबलच्या भाषांतरकार आणि 'स्त्रीधर्मनीति'च्या लेखिका म्हणून शिकवतो. पण त्यांनी या ओसाड माळावर एक साधी गोष्ट करून दाखवली होती. मूल वाढवायला जन्मदात्रीच लागते असे नाही; जागे राहायला तयार असलेली, पोटभर जेवलेली आणि एकटी न पडलेली माणसे लागतात.

आता कालगणना पाहू, कारण खरी अडचण तेथे आहे. आपल्या रूढीने बाळंतिणीला सव्वा महिना दिला: शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, निजण्याची मुभा. सरकारने २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी ठरवून दिल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरची भेट, २०१८ पासून सुरू झालेल्या योजनेनुसार, थेट तिसऱ्या महिन्यात. ब्रेझल्टन यांचा चढ सहाव्या आठवड्यात माथ्यावर असतो. सव्वा महिना संपतो, आशाताईंची शेवटची भेट होऊन जाते, पाहुणे परततात, दुसऱ्या खेपेची बाई शेतात किंवा कामावर जाऊ लागते, आणि नेमके तेव्हाच मूल सर्वांत जास्त रडत असते. रूढी आणि योजना दोन्ही आपापल्या जागी शहाण्या आहेत. पण दोहोंचा हात एकाच सुमारास सुटतो.

आमच्या महाविद्यालयीन जगात हा काळ बहुधा सत्रपरीक्षेवर येतो. दर वर्षी एकदोन विद्यार्थिनी पाचसहा आठवड्यांचे मूल घेऊन परीक्षेला येतात. आजी किंवा नवरा कडुनिंबाखाली मुलाला घेऊन फिरत असतो, आत त्या पाळणागीतांतील वात्सल्यरसाचे विवेचन लिहीत असतात आणि बाहेरचे रडे ऐकू आले की पेन थांबते. पर्यवेक्षण करणाऱ्या आमच्यातल्या कित्येक जणी तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर मानधन, न झाला तर नाही, त्यामुळे बाळंतपणाचा हिशेब त्यांनाही ठाऊक आहे. परीक्षादालनालगतची एक खोली अशा विद्यार्थिनींसाठी मोकळी ठेवावी, मध्ये पाजायला जाऊ द्यावे आणि तेवढा वेळ उत्तरपत्रिकेसाठी वाढवून द्यावा, असा अर्ज आम्ही परीक्षा समितीकडे दिला आहे. खोलीला आतून कडी असावी, एवढी एक ओळ त्यात नंतर हाताने लिहून घातली.